यादीतली वरची फाइल

रमोना टीगनं फुटका पिस्टन टेबलावर ठेवला आणि लॉइड प्रुइटनं नजर खिडकीबाहेर वळवली.

"ऑगी कॅझमारेकच्या गाडीतला," ती म्हणाली. "जोर वाढवायला मी गाडीच्या कॉम्प्युटरात घातलेल्या ट्यूनिंगच्या फाइलनं इंजिन फुटलं, असं मोटारींच्या क्लबभर झालंय. तीन आठवड्यांत तेवीस गिऱ्हाइकं गेली. हे असंच चाललं तर महिनाअखेर माझ्या गॅरेजला टाळं लागेल, बाई."

"पाय आवर, लॉइड. तुझे होडीएवढे बूट तिला बसू देईनात," हेस्टर लिंडक्विस्ट म्हणाली.

इप्सिलँटी गावात खासगी तपासाची पाटी लावण्याआधी हेस्टरनं वीस वर्षं इंजिनांच्या चाचण्या घेतल्या होत्या. तिचा साथीदार लॉइड नुसताच स्वतःला गाड्यांचा दर्दी समजायचा. क्लबाच्या न्याहारीला 'त्या बाईनं इंजिन खाल्लं' हे पहिल्यांदा तोच बोलला होता. आता बाई समोर होती आणि त्याला मान वर करवत नव्हती.

"गाडीत फाइल किती वेळा चढवलीस?" हेस्टरनं विचारलं.

"दोनदा. दोन्ही वेळा साध्या प्रीमियम पेट्रोलची. मग मक्याच्या अल्कोहोलवाल्या इंधनाची फाइल ऑगीच्या हातयंत्रात, ज्यातून ती गाडीत चढवतात, नुसती पाठवून ठेवली. हिवाळ्यात पंपवाले त्यात अल्कोहोल कमी घालतात, म्हणून मेपर्यंत तिला हात लावू नकोस असं बजावलंही होतं."

"दोन्हींत एवढा काय फरक?" काहीतरी बोलायचं म्हणून लॉइड बोलला.

"अल्कोहोल सिलिंडरमध्ये थेट फवारलं की आत गारवा येतो," रमोना म्हणाली. " मग टर्बोनं हवा जास्त कोंबता येते, ठिणगी लवकर पाडता येते. त्याच फाइलवर साधं पेट्रोल जाळलं, तर ते आपसूक भडकतं आणि हे असं होतं. तुम्हाला ठाऊकच असेल."

"हो तर," लॉइड म्हणाला. त्याला ठाऊक नव्हतं.

मग हेस्टर आणि लॉइड ऑगीच्या घरी गेले. ऑगी बुटका आणि गोलमटोल होता. त्यानं दोघांपुढे पाचकींची, जॅम भरलेल्या पोलिश डोनटांची, बशी सरकवली.

"मी काही केलं नाही गं, हेस्टर. जानेवारीत डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मार्चच्या पहिल्या रविवारी डॉक्टरनं क्लच दाबायची मोकळीक दिली. हायवेच्या चढावर पाय दाबला आणि धडाम!"

"तोवर गाडी कुठं होती?"

"इथंच. झाकून ठेवलेली." ऑगीनं लॉइडकडे पाहिलं. लॉइडनं अख्खी पाचकी तोंडात कोंबली.

हेस्टरनं काचेच्या नळीत पाणी घेतलं, रेघ आखली, वर टाकीतलं इंधन ओतून नळी हलवली. पाणी रेघेवरच थांबलं. "अल्कोहोल असतं तर ते पाण्यात उतरलं असतं आणि पातळी चढली असती. म्हणजे टाकीत निव्वळ पेट्रोल आहे."

ड्रायव्हरच्या सीटखाली सरकलेलं, शोरूमवाले दुरुस्तीवेळी घालतात ते कागदी पायपुसणं तिनं ओढून काढलं. त्यावर अकरा फेब्रुवारीचा शिक्का होता आणि वाळलेल्या चिखलात बुटाचा हातभर ठसा. मग तिनं गाडीला लॅपटॉप जोडला.

"फाइल चार वेळा चढली आहे, आणि सध्या आत मक्याची आहे."

परतीच्या वाटेवर लॉइडनं दोन्ही बूट सीटखाली ओढून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी रमोनाच्या गॅरेजात चौघं जमली.

"रमोना दोनदा म्हणते, गाडी चारदा," हेस्टरनं सुरुवात केली. "ऑगी, शोरूमला जाण्याआधी तुमच्या क्लबातला प्रत्येक जण काय करतो?"

"कंपनीची मूळ फाइल परत घालतो. वॉरंटी जाऊ नये म्हणून," ऑगी पुटपुटला.

"ही तिसरी वेळ. परत आल्यावर ट्यूनिंगची फाइल पुन्हा घालतो, ही चौथी. तुझं यंत्र नवी फाइल यादीत सगळ्यात वर दाखवतं. घाईत कुणीतरी वरचीच दाबली. गाडी हळू चालवत घरी आणली, म्हणून तेव्हा इंजिन वाचलं. पण फेब्रुवारीत तुला क्लच दाबता येत नव्हता, आणि तुझे बूट केवढेसे."

ऑगीनं मान खाली घातली. "शोरूमला फसवलं हे कुठल्या तोंडानं सांगू?"

हेस्टरनं पुढं नाव घेतलं नाही. लॉइडला वाटलं, तिनं घेतलं असतं तर सोपं गेलं असतं.

"मी नेली होती," तो म्हणाला. "सीटबेल्टचं काम होतं. वरची फाइल दाबली, नाव वाचलं नाही. वाचलं असतं तरी मला काय कळणार होतं!"

रमोना त्याच्याकडे वळली. "इंजिन फुटलं तेव्हा शंका आली नाही तुला?"

खोटं बोलायला अजून जागा होती.

"आली होती," लॉइड म्हणाला. "म्हणूनच तुझं नाव आधी घेतलं."

रमोनानं गिऱ्हाइकांच्या नावांचा कागद त्याच्यापुढे ठेवला. "लाव फोन. सगळ्यांना ऐकू येईल असा."

पहिला फोन लगेच उचलला गेला. "बोल, लॉइड!"

"रमोनाच्या फाइलबद्दल बोलायचं होतं."

"त्या बाईचं नाव नको रे! बरं झालं, तू वेळेवर सावध केलंस आम्हाला."

रमोना ऐकत उभी होती. लॉइडनं तिच्याकडे बघायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

"मी खोटं बोललो होतो," तो म्हणाला. "ते इंजिन मी फोडलं."

पलीकडे आधी हसू आलं, मग फोन बंद झाला. कागदावर अजून बावीस नावं होती.