वाळूतली खूण

मंचरला माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटोंवर घर चालतं, पण जुबेर शेख हे नाव झालं ते हवेतल्या फोटोंवर. शर्यतीत झेप घेणारे बैल, वरातीत उड्या मारणारे मित्र, भिंतीवरून उडालेली शेळी. पाय सुटले की कुणीही देखणं दिसतं. तो क्षण मला बरोबर सापडायचा, आणि मला त्याचा माजही होता.

चैत्रात हनुमंत नावाच्या शेतकऱ्याच्या शर्यतीच्या बैलाचा मी काढलेला असाच एक फोटो गावोगावच्या मोबाईलांवर फिरला. आठ दिवसांनी त्याने मला गोठ्यावर बोलावलं. ओल्या मातीतून त्याने चार बैल चालवत नेले. तिघांचे खूर खोल रुतले. ज्याचा फोटो काढला होता, त्याचा एकही ठसा उमटला नाही.

"बगितलं का, जुबेरभाऊ? माज्या राजाचं पाय भुईला लागत न्हाईत!"

कौतुकाने आपण असं म्हणतोच. मीही हसलो. पण चिखल मी नीट पाहिला होता. तरी दुसऱ्या दिवशी तोच फोटो मोठा करून दुकानाबाहेर लावला.

दिवाळीआधी एका बारशासाठी खोडदला गेलो होतो. शाळेमागच्या वाळूच्या खड्ड्यात स्नेहा नावाची एक शाळकरी मुलगी लांब उडीचा सराव करत होती. जिल्ह्याच्या निवडीत पहिली आली, तर पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात तिला जागा मिळणार होती. वयात बसणारं हे तिचं शेवटचं वर्ष. तिने फोटो मागितला नव्हता. मागे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या जाळीदार थाळ्या आणि पुढे हवेत पोरगी, हे पाहून मलाच मोह आवरला नाही.

"पडले तर हसायचं न्हाई हं, भाऊ."

फोटो सुंदर आला. पुढच्या उडीनंतर तिने वळून पाहिलं, तर वाळू सपाट.

"वारं लई हाय," ती म्हणाली. झाडाचं पान हलत नव्हतं. मी कॅमेरा पिशवीत घातला आणि बारशाचं जेवायला गेलो.

निवडीच्या आदल्या दिवशी तिच्या आईचा, फुलाबाईंचा फोन आला. "भाऊ, तुमी या. तुमचा फोटू लई लकी हाय, म्हनती पोरगी."

जुन्नरच्या मैदानावर सकाळीच ऊन चढलं होतं. लांब उडीत डोळ्यांनी पाहिलेलं धरत नाहीत. वाळूत टाच उमटते तिथपर्यंत टेप लावतात. स्नेहाने पहिली उडी मारली. पंच वाकले.

"खूण कुठाय?"

वाळू सारखी केली. दुसरी उडी सगळ्यांत लांब गेली, सगळ्यांनी पाहिली. खूण नाही. फुलाबाईंनी खड्ड्याच्या कडेला स्वतःचा पाय ठेवून पाहिला. तो घोट्यापर्यंत रुतला.

स्नेहा माझ्याकडे आली. तिचे ओठ कोरडे पडले होते. "भाऊ, तुमी बगितलं ना? मी पडले ना तिथं?"

"बघितलं," मी म्हणालो.

पुढचं वाक्य जिभेवर होतं. ते बोललो असतो, तर बैलाचंही सांगावं लागलं असतं. मला माहीत होतं आणि तरी मी बटण दाबलं, हे तिच्या तोंडावर सांगायची लाज वाटली. आज त्या लाजेचीच जास्त लाज वाटते.

तिसरी उडी शेवटची होती. फोटो पुसला तर खूण परत येईल, असं मीच मनाशी ठरवलं. कुणाला दिसू नये म्हणून लिंबाच्या झाडामागे गेलो आणि कॅमेऱ्यात तिचा तो फोटो शोधून उघडला. तिची धावती पावलं ऐकू आली. मग फळीवर पाय आपटल्याचा आवाज.

मी फोटो पुसला.

वाळूत पडल्याचा आवाज आला नाही.

मी झाडाआडून डोकावलो.

पंच टेप हातात धरून वर बघत होते. खड्ड्याच्या काठाशी फुलाबाईंनी दोन्ही हातांनी पदर पसरला होता, आणि त्या तो कधी थोडा डावीकडे, कधी थोडा उजवीकडे सरकवत होत्या.