तेविसावा डबा

"झाकण उघडू असं कोण म्हणालं?" एल्डन प्रुइटने हातातला पाना खाली ठेवला.

रूबेन आणि टेस या नवराबायकोने दोन वर्षं खपून आपली पहिली हॉट रॉड, म्हणजे जुन्या सांगाड्यावर हाताने बांधलेली गाडी, उभी केली होती. पहाटे ती टॉलिव्हर घाटातून वर न्यायची होती, म्हणून शेवटच्या दोन नळ्या आवळून घ्यायला दोघं एल्डनच्या गॅरेजात आली होती. रात्रीचे दहा वाजून गेले होते, तरी बार्स्टो गावाबाहेरचं वाळवंट अजून धग सोडत होतं. रूबेन सहज बोलून गेला होता की घाटात इंजिन तापलंच तर झाकण उघडून पाणी ओतू, त्यात काय एवढं.

"मीच म्हणालो, काका. गंमत केली."

"तिथं गंमत करायची नाही. बसा खाली. माझ्या बहिणीवर बेतलेलं सांगतो. खोटं वाटलं तर ती अजून धडधाकट आहे, जाऊन विचारा. ती बोलणार नाही, पण तिचं तोंड बघून तुम्हाला कळेल."

मग त्याने सांगितलं, ते असं.

दोन हजार अठराच्या ऑगस्टची सतरा तारीख, शुक्रवार. म्हातारा ऑर्व्हल प्रुइट, म्हणजे एल्डन आणि त्याची बहीण नेडिन यांचा बाप, त्याच वसंतात गेला होता. मागे ठेवली होती बत्तीस सालची काळी फोर्ड आणि तिच्यात स्वतःच्या हाताने बांधलेलं जुनं इंजिन. ही जुनी इंजिनं जात्याच तापट. चढ लागला की पाणी फुगतं, नळीतून रस्त्यावर सांडतं आणि रेडिएटर कोरडा पडत जातो. एल्डनला ते इंजिन काढून नवं बसवायचं होतं. नेडिनला ते ऐकूनही घ्यायचं नव्हतं.

"चहाची किटली आहे नुसती," एल्डन म्हणाला होता. "प्रत्येक घाटात ओकते."

"ओकेल नाही तर काय करेल? ओकलेलं परत घ्यायला तुम्ही लोकांनी तिला कधी काही दिलंत?"

नेडिन त्रेपन्न वर्षांची, धंद्याने वेल्डर. तिने आग विझवायचं एक जुनं तांब्याचं नळकांडं आणलं, घासूनपुसून चकचकीत केलं आणि त्याची टाकी करून रेडिएटरशेजारी बसवली. पाणी तापून फुगलं की नळीने टाकीत यायचं, निवलं की त्याच नळीने परत ओढलं जायचं. त्यासाठी नळीचं टोक टाकीच्या तळाशी, पाण्यात बुडालेलं हवं. पुष्कळ जण ते वरच ठेवतात आणि मग रेडिएटर पाण्याऐवजी हवा ओढतो. नेडिनने ती चूक केली नव्हती. पातळी दिसावी म्हणून बाजूला काचेची नळी लावली होती आणि वर हवेपुरतं सुईएवढं भोक ठेवलं होतं.

"देखणी आहे," एल्डन म्हणाला. "बारमध्ये शोभेल."

"पैज लाव मग."

पैज लागली. एल्डनने कॉफीच्या रिकाम्या डब्याने मोजून कूलंट मिसळलेलं हिरवं पाणी भरलं, बरोबर बावीस डबे. मग बायकोचं लाल नेलपॉलिश आणून रेडिएटरच्या आणि टाकीच्या, दोन्ही झाकणांवर आडवी पट्टी ओढली, म्हणजे झाकण तसूभर फिरलं तरी पट्टी तुटावी. नेडिनने सूर्य उगवायच्या आत फोर्ड घाटमाथ्यावर आणायची, तिथे दर वर्षी सगळ्या गाड्या जमतात. पट्टी तुटली किंवा बाविसाचे एकवीस झाले, तर इंजिन बाहेर.

"आणि बावीसच्या बावीस निघाले तर?"

"तर मी मरेपर्यंत ब्र काढणार नाही."

"तू? त्यापेक्षा भूत दिसणं सोपं."

हे ती हसत बोलली होती.

एल्डन संध्याकाळीच वर गेला. नेडिन रात्री बरोबर एक वाजता एकटी निघाली. चंद्र मावळला होता. पहिले नऊ मैल इंजिन गुणाने चाललं. दहाव्या मैलापासून तापमानाचा काटा चढायला लागला. एकशे नव्वद फॅरनहाइट, दोनशे, दोनशे दहा. बाराव्या मैलावर घाटातलं सगळ्यात मोठं वळण आहे. तिथे रेडिएटरसाठी पाण्याचा हौद होता, तो कधीच आटला. हौदावर हार्लन टीग नावाचा माणूस लांब तोटीचा डबा घेऊन गाड्यांना पाणी घालायचा. एका उन्हाळ्यात कुणी घाईतला प्रवासी त्याच्यावर खेकसला, "उघड लवकर!" हार्लनने हाताला फडकं गुंडाळलं आणि उकळता रेडिएटर उघडला. वाफ थेट तोंडावर आली. दवाखान्यात पोचेपर्यंत तो जिवंत राहिला नाही.

त्यानंतर त्या वळणावर हात भाजलेले तिघं एल्डनच्या ओळखीचे होते. तिघांचंही एकच म्हणणं, 'तो माणूस म्हणाला, म्हणून उघडलं.'

नेडिनला हे सगळं ठाऊक होतं. पण काटा दोनशे वीसवर होता. पुढे रेटलं असतं तर इंजिन तडकलं असतं. तिने वळणावर गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं. एक वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली होती.

बंद केल्यावर इंजिन आधी आणखी तापतं, हे तिला माहीत होतं. ती टॉर्च घेऊन काचेच्या नळीसमोर उभी राहिली. टाकीत बुडबुडे वाजत होते. हिरवं पाणी चढत होतं. अर्धी नळी... पाऊण...

"तापलीय?"

आवाज हौदाकडून आला.

तिने टॉर्च वळवला. रुंद काठाची टोपी. डाव्या हातात लांब तोटीचा डबा. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं.

"निवेल," नेडिन म्हणाली.

"उघड. पाणी घालतो."

"नको."

तो जवळ आला. वाळूवर पावलं वाजली नाहीत. डबा काठोकाठ भरलेला होता, पण एक थेंबही हिंदकळला नाही.

"सांडेल बघ, बाई. सगळं सांडेल."

ते खरं होतं. पाणी काचेच्या नळीच्या वरच्या टोकापासून दोन बोटं खाली होतं. वरच्या भोकातून सांडलं की डबा कमी भरणार. डबा कमी भरला की बापाचं इंजिन भंगारात. झाकण जरासं सैल केलं असतं तर दाब उतरला असता... आणि तिचा हात उचललाही गेला होता. हे तिने स्वतः एल्डनला सांगितलं.

"उघड."

दीड बोट.

"उघड लवकर."

एक बोट...

मग मात्र नेडिनचं डोकं फिरलं. एप्रिलपासून भाऊ तिला हेच सांगत होता, काढ, फेक, सोड. गावातले पुरुषही तेच सांगत होते. आता हा मेलेलाही. ती रेडिएटर आणि त्याच्यामध्ये जाऊन उभी राहिली. पाठीला गरम पत्रा भाजत होता, तरी हलली नाही.

"नाही उघडणार. ही टाकी मी बनवलीय. गेलेलं पाणी परत येणार आहे. तुला घाई आहे? मला नाही. त्या दिवशी तुझ्यावर खेकसणारा कधीच निघून गेला, हार्लन. इथे आता तुला कुणी घाई करत नाहीये. मीही उघडणार नाही आणि तूही नाही. आज या वळणावर कुणीच काही उघडणार नाही. डबा खाली ठेव आणि बस!"



टोपी हळूहळू वर झाली. टोपीखाली काय होतं ते तिने एल्डनला सांगितलं नाही. त्याने दोनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा विचारायची हिंमत झाली नाही.

टॉर्च विझला.

काळोख. इंजिनाची टिकटिक. तिच्या अगदी शेजारी... कुणीतरी खाली बसलं. पत्र्याचा डबा दगडावर टेकल्याचा आवाज आला.

मग काहीच नाही.

किती वेळ, तिला सांगता येईना. पाठीची आग सोसत ती तशीच उभी होती. आणि मग टाकीतून आवाज आला. गुडगुड. थांबून, पुन्हा गुडगुड. पाणी परत जात होतं. तिने तोंड दाबून धरलं, तरी रडू फुटलंच.

टॉर्च आपोआप लागला. शेजारी कुणी नव्हतं. नळीतलं पाणी अर्ध्यावर आलं होतं, काटा एकशे ऐंशीवर. घड्याळात तीन वाजून चार मिनिटं.

पाच वाजून पन्नास मिनिटांनी, अजून सूर्य वर यायचा होता तेव्हा, काळी फोर्ड स्वतःच्या चाकांवर घाटमाथ्यावर आली. एल्डनने इंजिन निवू दिलं. भिंग लावून दोन्ही पट्ट्या पाहिल्या. लाल रेघेला साधी चीरही नव्हती. मग त्याने खालची तोटी सोडली आणि डबे मोजू लागला. बघ्यांची गर्दी जमली होती. वीस. एकवीस. बावीस.

"बास?" नेडिन म्हणाली. "आता ब्र काढायचा नाही."

पण तोटी थांबली नव्हती.

इथवर सांगून एल्डनने खाली ठेवलेला पाना पुन्हा हातात घेतला. 

"मग?" टेसने विचारलं.

"मग काय, तेविसावा डबा भरला. आधीचे बावीस हिरवे होते, अजून कोमट होते. हा स्वच्छ. नितळ पाणी. आणि असा गार, की माझी बोटं बधिर झाली." तो पुढे म्हणाला, "बाबांचं इंजिन त्याच गाडीत आहे. नेडिन दर ऑगस्टमध्ये ते घाटातून नेते. वळणावर थांबते, इंजिन बंद करते, तासभर बसते. कुणासाठी, ते मी विचारत नाही. ब्र न काढायचं कबूल केलंय ना."

"आणि ते पाणी?" रूबेनने विचारलं, पण त्याच्या आवाजात गंमत उरली नव्हती.

एल्डनने नुसती मान वळवली. वरच्या फळीवर, स्पार्क प्लगच्या खोक्यांमागे, काचेची एक बरणी होती. झाकणावर आडवी लाल पट्टी, सात वर्षांची, कुठेही न तुटलेली. गॅरेजात त्या घटकेला पंच्याण्णव डिग्री फॅरनहाइट उकाडा होता.

बरणीला बाहेरून घाम आला होता. खालची फळी ओली झाली होती.