चार हातमोज्यांची पेटी

हे माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलंय. ज्यांना थापा वाटतील त्यांनी इथेच थांबा, माझं डोकं खाऊ नका.

गेल्या वर्षीची गोष्ट. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. विसर्जन आटपून अख्खी काळाचौकी झोपली होती.

आमचा हितेंद्र मात्र परळला, कॉलेजच्या लॅबमध्ये. नव्या मटेरियलच्या सोलर सेलवर पीएचडी करत होता. काचेवर शाईसारखं पसरवून बनवायचे सेल. चाळीतला पहिला डॉक्टर म्हणून आम्ही आधीच मिरवून घेतलेलं.

फोन उचलेना. मी डबा घेऊन चडफडत गेले.

बिल्डिंगमध्ये चिटपाखरू नव्हतं. लॅबचं दार ढकललं आणि...

टीं... टीं... टीं...

आत हितेंद्र एकटाच, काचेच्या मोठ्या पेटीसमोर. त्या मटेरियलला मुंबईची दमट हवा लागली की ते वाया जातं. म्हणून पेटीत नायट्रोजन भरतात आणि काचेला लावलेल्या लांब, काळ्या रबरी हातमोज्यांत हात घालून आत काम करतात. दोन माणसांसाठी दोन जोड्या. आतल्या दाबाने रिकामे मोजे बाहेर ताठ उभे राहतात.

उजव्या जोडीत हितेंद्रचे हात होते. डावी जोडी रिकामी.

ती इरावतीची. त्याची सीनियर. मे महिन्यात याच खोलीत नायट्रोजन गळून गुदमरून गेली बिचारी. त्या गॅसला वास नसतो.

"तो आवाज बंद कर आधी," मी दारातूनच म्हटलं.

"कसला आवाज?"

"ते टीं टीं चाललंय ते."

त्याने भिंतीकडे पाहिलं. तिथे नुसता खिळा होता.

"गॅसचा अलार्म होता तिथे. सारखा कोकलायचा, म्हणून मे महिन्यात मीच बंद केलेला. नवीन अजून आला नाही. कोणाला बोलू नकोस, ताई."

हे सांगताना तो हसला. माझ्याच भावाची मला किळस आली.

टीं टीं वाढलं. मला गरगरायला लागलं. मग डोक्यात प्रकाश पडला आणि मी म्हटलं, हितू, बाहेर ये, आत्ताच्या आत्ता.

"थांब, सेल काढतो."

आणि डावी जोडी हलली...

ताठ उभे मोजे हळूहळू आत गेले. कोणी हात घालावेत तसे. एकेक बोट भरत गेलं.

समोर कोणीच नव्हतं.

काचेपलीकडे त्या काळ्या बोटांनी हितेंद्रची मनगटं धरली.

"ताई... ती सोडत नाहीये."

मी धावले. कमरेला धरून ओढलं. त्याचे ओठ निळे पडत होते. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. दारापर्यंत सरपटत गेले, श्वास घेतला, परत आले, परत ओढलं.

त्याचं सगळं वजन माझ्या अंगावर आलं, तेव्हा मोजे सैल झाले...

टीं टीं थांबलं.

पाइप गळत होता म्हणे. डॉक्टरांनी तेवढंच लिहिलं. मनगटांवरचे वळ मी दाखवले, तर त्यांनी चादर वर ओढली.

आई अजून विचारते, तू तिथेच होतीस ना, मग ओढलं का नाहीस त्याला?

ओढलं गं. आतूनही कोणीतरी ओढत होतं, आणि तिचा जोर माझ्यापेक्षा जास्त होता. हे आईला कुठल्या तोंडाने सांगू?