सक्रियतांक अठ्ठ्याण्णव

सकाळी नऊ वाजता शलाका उपळावीकरने भाताचा कुकर लावला, ओट्याशेजारच्या टेबलावर संगणकात दूरमेज उघडलं, आणि पहिली शिट्टी व्हायच्या आत तिला कळलं की खरमाटे सर आजही गायब आहेत.

गायब म्हणजे कुठे गेले नव्हते. मिरजेत, स्वतःच्या घरी, स्वतःच्या खुर्चीत बसलेले असणार. पण कंपनीच्या लेखी माणूस असतो तो फक्त दूरमेजावर. पाण्याच्या उंच टाक्यांचे आराखडे करणाऱ्या या कंपनीने ऑफिस कधीच मोडीत काढलं होतं. साठ इंजिनिअर साठ घरांत बसायचे आणि त्यांची खरी मेजं, म्हणजे फायली, सॉफ्टवेअर, सगळा पसारा, पुण्यातल्या एका थंडगार खोलीत सर्व्हरवर असायचा. घरचा संगणक ही त्या खोलीत डोकावायची नुसती खिडकी. त्या सर्व्हरची देखभाल शलाका सांगलीतून करायची.

आराखड्याचं सॉफ्टवेअर महाग, म्हणून साठ जणांत परवाने बावीसच. ते फिरते राहावेत यासाठी यंदा ‘जागल्या’ आणला होता. हा प्रोग्राम बोटांची हालचाल मोजायचा, कॅमेऱ्यातून नजर पडद्यावर आहे का ते बघायचा आणि दर मिनिटाला प्रत्येकाचा सक्रियतांक काढायचा. चार मिनिटं हात थांबला की परवाना काढून रांगेतल्या पुढच्याला. तीन महिने अंक साठच्या खाली राहिला की नाव कपातीच्या यादीत. पूर्वी गावात जागल्या असायचा तो लोकांना सुखाने झोपू द्यायचा. हा मेला जाग्या माणसाला स्वस्थ बसू देईना.

सगळ्यांचे आराखडे तपासणाऱ्या खरमाटे सरांचा अंक होता एकतीस.

शलाकाने फोन लावला. बारा वर्षांपूर्वी ती त्यांच्याच हाताखाली शिकाऊ म्हणून लागली होती. तिचा पहिला आराखडा त्यांनी नऊ वेळा परत पाठवला होता आणि दहाव्या वेळी स्वतः चहा पाजला होता. सर्व्हरच्या कामाकडे ती नंतर वळली.

“सर, परवाना परत गेला तुमचा.”

“गेला असेल की. मी कागद बघतोय.”

तिला चित्र डोळ्यांसमोर दिसलं. ऑफिस बंद होताना भंगारात निघालेलं मोठं छपाईयंत्र सरांनी टेम्पोत घालून घरी नेलं होतं. तपासायला आलेला आराखडा ते त्यावर छापायचे, जेवणाच्या टेबलावर पसरायचे, आणि पहिला तासभर पेन्सिल उचलायचीच नाही हा त्यांचा नेम. नुसतं बघायचं. मग लाल पेन्सिल हातात यायची आणि कागदावर गोल उमटू लागायचे.

“यादीत नाव लागलंय तुमचं. महिनाअखेरीला काढतील,” ती म्हणाली. “निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. असं घालवताय होय?”

“मग काय करू म्हणतेस?”

“कागद बंद करा. पडद्यावरच बघा. उजव्या हातानं आकृती फिरवत राहायची, जवळ आणायची, लांब न्यायची. नजर समोर. बास. जागल्या खूश.”

“पडद्यावर तुकडा दिसतो गं. अख्खी टाकी एकदम नाही दिसत.”

“नोकरी राहिली तर टाकी दिसेल, सर!”

आपल्या या उत्तरावर ती स्वतःच हसली होती. पुढे हेच वाक्य तिला दिवसातून दहादा आठवणार होतं.

पंधरा दिवसांत खरमाटेंचा अंक अठ्ठ्याण्णववर गेला. पुढच्या तिमाहीच्या बैठकीत प्रकल्पप्रमुख वर्तक मॅडमनी कौतुकाने आलेख दाखवला. पूर्वी सर एकेका आराखड्यात आठ-नऊ दुरुस्त्या काढायचे, आता जवळजवळ एकही नाही. “बघा, लक्ष देऊन काम झालं की चुकाच होत नाहीत,” मॅडम म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शलाकानेही वाजवल्या. आपण एका भल्या माणसाची नोकरी वाचवली याचा तिला मनापासून आनंद झाला होता.

त्या फोननंतर अकरा महिन्यांनी कंपनीने आखलेली वाघजाळी गावची नवी टाकी कलली.

चाचणीसाठी प्रथमच काठोकाठ भरली होती, दुपारी वारा सुटला, आणि दोन खांबांना एकाच उंचीवर भेगा गेल्या. खाली झडप फिरवायला उभ्या असलेल्या आनंदा शेटेंच्या पायावर काँक्रीटचा तुकडा पडला. पाय गुडघ्यापासून काढावा लागला. चौकशी समितीला कारण शोधायला दोन दिवसही लागले नाहीत. सगळ्या खांबांतल्या सळ्यांचे जोड एकाच पातळीवर आले होते. जोड वरखाली विखुरलेले हवेत, हे शिकाऊ पोरांनाही ठाऊक असतं. सॉफ्टवेअर प्रत्येक खांब सुटा तपासत होतं, त्यामुळे त्याच्या हिशेबी सारं ठीक होतं. शेजारी-शेजारी ठेवून बघणारा माणूस हवा होता, आणि आराखड्यावर तपासनीस म्हणून सही होती य. बा. खरमाटे यांची.

वर्तक मॅडमचा फोन आला. “वाघजाळीची खरमाटेंची जागल्यातली नोंद काढ. तुझ्या सहीनिशी समितीकडे पाच वाजेपर्यंत गेली पाहिजे.”

शलाकाने नोंद काढली. आराखडा सहा तास दहा मिनिटं पडद्यावर. नजर समोर, हात चालू, खंड नाही. सक्रियतांक अठ्ठ्याण्णव. यातला एकही आकडा खोटा नव्हता. आणि समिती याचा एकच अर्थ काढणार होती. चूक सहा तास डोळ्यांसमोर होती आणि या माणसाने ती जाऊ दिली. असा कागद पोलिसांच्या हातात पडला की सर सुटत नव्हते.

तिने त्याआधीच्या नोंदीही उघडल्या. एकतीस अंकाच्या दिवसांतल्या. तीन तास चाळीस मिनिटं निष्क्रिय, परवाना अकरा वेळा काढला, शेवटी नऊ दुरुस्त्या. दुसरा आराखडा, चार तास निष्क्रिय, सात दुरुस्त्या. हात जितका थांबला होता, तितक्या चुका सापडल्या होत्या. तिच्या त्या फोननंतर हात थांबलाच नव्हता. अकरा महिने, वाघजाळी सोडून सदतीस टाक्या, दुरुस्त्या मिळून दोन.

सदतीस टाक्यांच्या चुका कुठे गेल्या?

तिने नोंदीवर सही केली. खाली मात्र स्वतःचं निवेदन जोडलं. हात हलता ठेवण्याची युक्ती मी दिली, त्यानंतर तपासणी झालेलीच नाही, सदतीसही टाक्या पुन्हा तपासाव्यात. लिहिताना तिला भीती वाटत होती, आणि लाजही. मॅडमना न विचारता तिने ते थेट समितीला धाडलं. मग सदतीस आराखडे कॉपी करून घेतले, हायस्कूल रोडवरच्या दुकानात मोठ्या कागदावर छापले आणि गुंडाळ्या स्कूटरला बांधून मिरज गाठली.

खरमाटे सर दार उघडून तसेच उभे राहिले. दाढी वाढली होती. तिने सगळं एका दमात सांगितलं.

“कशाला लिहून दिलंस?” ते म्हणाले. “माझं काय, माझं संपलंच होतं. तुझं तरी राहिलं असतं.”

“सर, एक विचारू? खरंच दिसलं नाही?”

“हात हलता ठेवायचा म्हटलं की डोकं त्या हातातच राहतं गं. आकृती फिरवायची, जवळ आणायची, परत फिरवायची. दिवस संपला की वाटायचं, आज लई काम झालं. कागद काढावा असं रोज मनात यायचं. पण अठ्ठ्याण्णव बघितला की बरं वाटायचं. मलाही, खोटं कशाला बोलू?”

जेवणाचं टेबल तिनेच पुसलं. पहिला कागद पसरला, कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. सर खुर्चीत बसले आणि बघू लागले. शलाका शेजारी उभी राहिली. तिच्या पिशवीतल्या फोनवर जागल्याचा इशारा वाजला, तुम्ही निष्क्रिय आहात. थोड्या वेळाने परत वाजला. मग मॅडमचा फोन आला, तोही वाजून थांबला.

तास उलटला. सरांनी खिशातून लाल पेन्सिल काढली, टोक अंगठ्यावर टेकवून पाहिलं, आणि एका खांबाभोवती गोल काढला. शेजारच्या खांबाभोवती दुसरा. मग तिसरा.

त्यांनी कोपऱ्यातलं गावाचं नाव वाचलं. मग भिंतीशी उभ्या छत्तीस गुंडाळ्यांकडे पाहिलं, आणि मग तिच्याकडे.

“शलाका, यातल्या किती टाक्यांत आत्ता पाणी आहे?”