वाघाईची पायरी

"वयनी, मागं सरका! उंबरठ्याले हात लावू नका!"

गाभाऱ्यातून निकेश ओरडला आणि चटका बसावा तसा इंदुताईंनी हात मागे घेतला... दुसऱ्या हातातला फोन मात्र त्याला ऐकू जावा म्हणून तसाच उंच धरून ठेवला. चंद्रपूरच्या दवाखान्यातून निकेशची बायको दिव्यानी हुंदके देत होती. साडेपाच वर्षांच्या निशाचा मलेरिया डोक्यात चढला होता, अंगात रक्त उरलं नव्हतं, आणि तिच्या गटाचं रक्त कुठेच मिळत नव्हतं. त्या गटाचा एकच माणूस होता, तिचा बाप!

आणि बाप नवरात्राच्या घटाला बसलेला!

सिंदेवाहीपलीकडच्या सागाच्या जंगलातलं वाघाईचं हे काळ्या दगडाचं देऊळ किती शतकांचं, कुणालाच ठाऊक नाही. पण तिचा घट उठल्याशिवाय भोवतालच्या गावांत धानाला विळा लागत नाही. घटाजवळचा दिवा नऊ दिवस पुजाऱ्याच्या घरच्या माणसानेच राखायचा, अन्न न घेता, उंबरठा न ओलांडता. बदली बसायचं तर पहिल्या माळेपासून उपास धरलेलं घरचंच माणूस हवं. पूर्वी हा मान विधवा इंदुताईंचा होता. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या पाळीत दिवा विझला... आणि ज्या पोरक्या दिराला त्यांनी पोटच्या लेकरासारखं वाढवलं, त्या निकेशनेच त्यांना बाहेरच्या पायरीवर बसवलं. तेव्हापासून तिथेच बसून त्या दिव्यासाठी वाती वळत.

"आज आठवी माळ हाय," निकेशचा आवाज फाटला. "म्या उठलो तं माय कोपन, मंग माही पोरगी वाचन का? तुमच्या हातानं दिवा विझला, तवापासून तं हे लागलं मांग!"



"नाई जी, नाई!" फोनमधून दिव्यानी किंचाळली. "ताई आंघोळीले गेल्या होत्या. दिव्याजवळ बदली म्हून मी होती, उपास धरून... पोटुशी होती, डोया लागला माहा! माह्यानं विझला दिवा! पोटातल्या लेकराले लोकं अवदसा म्हणतीन म्हून ताईनं आपल्यावर घेतलं, मले शपथ घातली... आता तेच लेकरू मरून राह्यलं जी!"

निकेश उंबरठ्यापर्यंत सरकत आला.

"वयनी... काऊन नाई सांगतलं?"

"सांगून काय केलं असतं तू? तिले बसवलं असतं इथी. माहं एकटीचं काय जात होतं, बाबू?"

काय जात होतं! सारं तर गेलं होतं... पण ते आता उगाळायला वेळ नव्हता. "उठ. मी बसते."

"पण उपास..."

"पहिल्या माळेपासून हाय. दरसाल धरते."

सहा वर्षं त्यांच्या हातून वाती घेताना, त्या पायरीवर नऊ दिवसांत कधी ताट दिसलं नाही, हे निकेशने पाहिलंच नव्हतं! इंदुताई उंबरठा ओलांडून आत येताच त्याने तेलाची बुधली त्यांच्या हाती दिली, फोन घेतला आणि तो अनवाणीच धावत सुटला.

मग ना निरोप, ना खबर. इंदुताई वातीवरची नजर काढत नव्हत्या. "माये, मले ने... पण तिले ठेव!" एवढंच त्या पुटपुटत राहिल्या.

नवमीच्या दुपारी पायरीवर पावलं वाजली. निकेश होता. कोपराच्या वाकणीत कापसाचा बोळा चिकटवलेला.

"डोये उघडले तिनं," तो कसाबसा म्हणाला. "'मोठी माय कुठी?' म्हणे, तुमालेच इचारून राह्यली."

इंदुताईंना रडूच कोसळलं. "ये... आत ये, बाबू. घट उठव."

"डॉक्टरनं रक्त घ्याच्या आधी जेवू घातलं, वयनी. उपास मोडला माहा. अन् मोडला नसता, तरी आलो नसतो. घट तुमच्याच हातानं उठन."

आणि तो त्यांच्याच पायरीवर बसला. परडीतला कापूस घेऊन आडदांड बोटांनी वात वळू लागला. ती काही केल्या जमेना, आणि डोळ्यांतलं पाणी कापसावर पडत राहिलं.

"कोरडा घे कापूस," आतून इंदुताई म्हणाल्या. "ओली वात पेटत नाई, बाबू."