जिन्यातली पक्षीण

बहिणीसोबत जायचं आणि तिचे फोटो काढायचे, एवढंच माझं काम होतं. आवडत्या पात्रांचे वेष करून लोक जमतात, तसल्या मेळाव्याला बारकी पहिल्यांदाच निघाली होती. तिच्या लाडक्या चित्रकथेतल्या पक्षिणीचा वेष आम्ही दोघींनीच घरी केलेला. स्पंज कापला, चिकटवला, रंगवला. डाव्या पंखाची शिवण माझ्या हातून वाकडी गेली, ती तशीच राहिली.

"ताई, आता तूच माझे डोळे," मुखवटा चढवण्याआधी ती म्हणाली. "आणि असा चेहरा नको करूस. वेष मी केलाय, भूत तू दिसतेयस!"

थट्टा खरी होती. मी भित्रीच. पण भीतीला कारणही होतं. त्या मुखवट्याच्या काचेच्या डोळ्यांतून जेमतेम दिसतं, ऐकू तर काहीच येत नाही, मानेमागची बकलं स्वतःची स्वतःला निघत नाहीत. आणि बारकीला दमा. म्हणून आमची खूण ठरलेली : ती माझा हात दाबत राहिली, की काहीही चाललेलं असो, मुखवटा काढायचा.

हॉलमध्ये डिंकाचा आणि घामाचा वास कोंडला होता. कुणीतरी अदबीनं विचारलं, "फोटो काढू का?" अशा वेळी सोबत्यानं हात सोडून चौकटीबाहेर व्हायचं असतं. मी हात सोडला. बघता बघता तिच्याभोवती कॅमेऱ्यांचं कडं झालं. तेवढ्यात रंगमंचावरून स्पर्धेची घोषणा झाली, गर्दी उसळली, मी मागे ढकलली गेले. कशीबशी आत घुसले, पक्षिणीचा पंजा धरला आणि तिला ओढतच मागच्या जिन्यात आणलं.

दार मिटलं आणि आवाज तुटला. उंच खिडकीतून दुपारच्या उजेडाचं पांढरं पातं आत आलं होतं. ती त्यात उभी राहिली. एकदम निश्चल.

"आज बरी शहाणी झालीस गं," मी पुटपुटले आणि फोटो काढत सुटले.

मग वास आला. वर्षानुवर्षं बंद पेटीत कुजलेल्या कापडाचा. मला वाटलं, जिन्याचाच असेल. तिनं हात पुढे केला. मी धरला. तिनं दाबला. पुन्हा दाबला. दाबतच राहिली.

कॅमेरा पायरीवर टाकून मी तिच्या मागे गेले. आतून श्वासाची बारीक शिट्टी ऐकू येत होती. "थांब हं राणी... काढते... काढते..." एका हातानं एक बक्कल सोडलं. दुसरं सोडलं. दुसरा हात तिनं सोडलाच नव्हता. तिसऱ्या बकलापाशी खिशातला फोन थरथरला. पडद्यावर बारकीचं नाव.

"ताई, कुठे उलथलीस? माझा जीव जायची वेळ आली होती! शेवटी फाटलेले वेष शिवून देणाऱ्या टेबलावरच्या काकूंनी मुखवटा काढला. कपडे बदलायच्या खोलीत बसलेय मी, मांडीवर घेऊन."

"काय... मांडीवर घेऊन?"

"अगं, मुखवटा! आपला!"

माझ्या डोळ्यांसमोर डावा पंख होता. शिवण वाकडी. माझीच.

हात अजून दाबला जात होता. मात्र जोर ओसरत चाललेला... जसा दमलेल्या माणसाचा ओसरतो. मी तो हिसडला आणि पळाले.

पहारेकऱ्याला घेऊन परतले तेव्हा जिन्यात फक्त माझा कॅमेरा होता. कुणी हरवल्याची तक्रार नव्हती. फोटो बारकीला फार आवडले. मुखवट्यातून आपण कुठे होतो ते तिला दिसलंच नव्हतं; ते फोटो तिला स्वतःचेच वाटतात.

पण त्या वेषाच्या आत खरंच कुणी असेल तर? नुसतंच कुणीतरी, श्वास कोंडलेलं, आणि मी हात सोडून पळालेली?

मुखवटा आता आमच्या कपाटावर आहे. रिकामा. मी रोज आत हात घालून बघते. तरी त्याच्या काचेच्या डोळ्यांवर आतून वाफ धरते, विरते, पुन्हा धरते. हल्ली दोन वाफांमधलं अंतर वाढत चाललंय.