अर्धी गोधडी

"हे ठेवायचं?"

"नको!"

"आणि हे?"

"ते तर मुळीच नको!"

सनी माळ्यावर चढला होता. तो एकेक वस्तू खाली सोडत होता आणि त्याची मोठी बहीण उत्कर्षा ती झेलत होती. त्यांची आई, स्मिता, पदर खोचून खोलीच्या मधोमध उभी होती आणि न्यायाधीशासारखे निकाल देत होती. रविवारी सकाळी घणसोली गावातली ही भाड्याची खोली सोडून सगळे कोपरखैरण्याच्या नव्या घरात राहायला जाणार होते. आज शुक्रवार. आईचा नियम एकच होता. वर्षभरात ज्या वस्तूला हात लागला नाही, ती नव्या घरात येणार नाही!

"माझी तीनचाकी!" सनी वरूनच ओरडला. "ती नाही द्यायची हं!"

"दहा वर्षांचा झालास. बसून दाखव बघू."

सनी खाली उतरला आणि खरोखरच बसला. त्याचे गुडघे कानांना लागले. दारात उभी असलेली रंजिता खो खो हसत सुटली. रंजिता घरमालकांची मुलगी, उत्कर्षाच्याच वर्गातली. उन्हाळ्याची सुट्टी लागल्यापासून ती जेवायला तेवढी स्वतःच्या घरी जायची.

"दे बाबा दे," सनी उठत म्हणाला. "हिला चाकंपण दोनच राहिलीत."

दाराबाहेरच्या कट्ट्यावर आता तीन ढीग झाले होते. एक भंगारवाल्याचा, एक जुने कपडे घेऊन भांडी देणाऱ्या बोहारणीचा आणि एक कुणाला तरी सहज देऊन टाकायचा. जुनं लोखंडी कपाटही बाहेर आलं होतं. शेजारचे टेम्पोवाले मानसिंगकाका ते कुणा ओळखीच्या बाईला नेऊन देणार होते.

कट्ट्याच्या टोकाला आबा बसले होते. आबा म्हणजे मुलांचे आजोबा, हौसेराव. सातारा जिल्ह्यातून तरुणपणी आलेले. आधी मुंबईत आणि मग मार्केट वाशीला हलल्यावर तिथे, आयुष्यभर त्यांनी कांद्याची पोती पाठीवर वाहिली.

"मामंजी, माळ्यावरचं सगळं देऊन टाकते हं!" आई आतून म्हणाली.

"दे की," आबा म्हणाले आणि देवळाकडे निघून गेले.

आणि इथेच चूक झाली. आबांचं गाठोडं नेहमी त्यांच्या खाटेखाली असायचं. आदल्या दिवशी झाडताना आईने ते उचलून माळ्यावर टाकलं होतं. ते आबांना माहीत नव्हतं. त्या गाठोड्यात काय आहे, ते आईने सोडून पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी आबा खाटेखाली वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"स्मिता, हितं एक गाठोडं व्हतं. धोतरात बांधल्यालं."

"ते? ते बोहारणीला गेलं, मामंजी. सगळ्या कपड्यांबरोबर. तुम्हीच म्हणालात ना, दे म्हणून?"

आबा खाटेची कड धरून सावकाश उभे राहिले.

"व्हय," ते मग म्हणाले. "म्हणालो व्हतो."

रात्री जेवताना त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. "रणजीत," ते मुलांच्या पप्पांना म्हणाले, "मी काय म्हणतो, मी आपला गावाला जातो. रविवारच्या सकाळच्या गाडीनं. तुमी ऱ्हावा नव्या घरात."

"अहो पण, आबा! तुमच्यासाठी खिडकीजवळची जागा ठेवलीय!"

"तिकडं काय हाय माझं?" आबा हळूच म्हणाले आणि हात धुवायला उठले.

पप्पांनी आईकडे बघितलं, आईने पप्पांकडे. दोघांनाही काही कळलं नाही. मोठी माणसं पुष्कळदा एकमेकांकडे बघतात आणि त्यातच बघायचं ते राहून जातं.

उत्कर्षाला मात्र कळलं होतं.

शनिवारी सकाळी तिने सनीला आणि रंजिताला पाण्याच्या टाकीमागे बोलावलं.

"त्या गाठोड्यात आजीची गोधडी होती. अर्धी."

"अर्धी म्हणजे फाटकी?" सनीने विचारलं.

"फाटकी नाही रे, अर्धी शिवलेली! आजी ती शिवत होती आणि मध्येच आजारी पडली. मग ती... मग राहिलीच ना. आईने आबांना विचारलं होतं, पुरी करू का म्हणून. आबांनी हात लावू दिला नाही. दुपारी सगळे झोपले की ते गाठोडं सोडतात आणि नुसता हात ठेवून बसतात. मी पाहिलंय."

रंगूबाईंनी, म्हणजे आजीने, ती गोधडी आबांच्या जुन्या कामाच्या सदऱ्यांची केली होती. बाह्या होत्या, पाठी होत्या, खिसेसुद्धा होते. खांद्याचा तुकडा मात्र एकही नव्हता. पोती वाहून खांदे आधीच विरून जायचे.

सनीला एकदम आजीच्या हातांचा वास आठवला. राखेचा आणि लसणाचा. त्याने दोनदा नाक ओढलं.

"म्हणजे उद्या सकाळच्या आत गोधडी मिळाली नाही, तर आबा गेले!" तो म्हणाला.

"टेन्शन नको घेऊ," रंजिता म्हणाली. "बोहारीण आज खालच्या आळीत आलीय. आत्ताच तिची हाक ऐकली मी. चला!"

तिघं धावत सुटली. बोहारीण एका ओट्यावर बसून कुणाची तरी पँट उजेडात धरून तपासत होती. शेजारच्या पाटीत स्टीलची भांडी चमचमत होती.

"मावशी, काल आमच्याकडून गोधडी घेतलीत ना? ती परत द्या! आम्ही भांडं परत आणतो!"

"गोदडी?" बोहारणीने पँट खाली ठेवली. "बेटा, गोदडी आम्ही कधी घेतो काय? साडी घेणार, पँट घेणार, जरीचा तुकडा घेणार. गोदडी कोण घेणार? धुवायला जड, ठेवायला जागा नाय. तुझ्या मम्मीला बोलले मी, हे नाय चालणार. तिचं लक्ष पातेल्यात! मग मीच ती कट्ट्यावर परत टाकली."

तिघं एकमेकांकडे बघत राहिली.

"आपण पण काय!" उत्कर्षाने कपाळावर हात मारला. "बोहारीण गोधडी घेत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं! मग आईला कसं सुचलं नाही?"

"आईने गाठोडं सोडलंच नव्हतं ना," सनी म्हणाला. "पण मग कट्ट्यावरून ती नेली कुणी?"

"भंगारवाला?"

"तो तर आज सकाळी आला."

रंजिता बोटाने हवेत चित्र काढत होती. विचार करताना तिची ती सवय होती. "कट्ट्यावर तीन ढीग. शेजारी कपाट. आणि कपाट न्यायला आले..."

"मानसिंगकाका!" तिघं एकदम ओरडली.

मानसिंगकाका भल्या पहाटे मार्केटची फेरी करून यायचे आणि पिंपळाखाली टेम्पो लावून मागच्या फळ्यांवर झोपायचे. आताही ते तोंडावर टॉवेल घेऊन घोरत होते.

"काका, काल कट्ट्यावरची गोधडी तुम्ही नेलीत का?"

"कसली गोधडी?" काका टॉवेलखालूनच म्हणाले. "मला नाय माहीत. पळा! झोपू द्या!"

"कपाटाला गुंडाळली असेल, चरे पडू नयेत म्हणून..."

"सांगितलं ना, नाय माहीत!"

पण काकांच्या पायाचा अंगठा हलायला लागला होता. खोटं बोलताना तो हलतो, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. उत्कर्षा पुन्हा विचारणार, तोच सनीने तिला कोपराने ढोसलं. तो मोठ्याने म्हणाला, "चला गं. काकांनी नेली नाही ते बरंच झालं. आई म्हणत होती, त्या गोधडीत ढेकूण झालेत. हे एवढाले! ज्या गाडीत जाईल त्या गाडीच्या फटीफटीत शिरतील म्हणे."

काका ताडकन उठून बसले!

"ढेकूण? अरे देवा! तरी म्हटलं, सकाळपासून पाठ का खाजतेय!" ते फळ्या आपटू लागले. "आधी नाय का सांगायचं? ती गोधडी दिवाळे गावात कपाटाबरोबर सोडून आलो, म्हणजे ढेकूण पण तिकडेच..."

ते थांबले. समोर तीन चेहरे हसू दाबत होते.

"फसवलंत रे कार्ट्यांनो!"

"काका," उत्कर्षा म्हणाली. ती आता हसत नव्हती. "ती आजीची होती. रंगूबाईंची. तिच्यापायी आबा उद्या गाव सोडून... म्हणजे, गावाला चाललेत."

मानसिंगकाकांचा हात खाजवता खाजवता थांबला. रंगूबाईंनी त्यांनाही कितीदा तरी भाकरी वाढली होती.

"मला वाटलं, टाकाऊ आहे. परत आणायचा कंटाळा केला, बस," ते पुटपुटले. मग एकदम ओरडले, "बघत काय बसलात? चढा गाडीत! आधी घरी सांगून या!"

दिवाळे म्हणजे बेलापूरच्या खाडीकाठचं कोळ्यांचं गाव. टेम्पो आत शिरला तसा सुकत घातलेल्या मासळीचा वास नाकात बसला. काठाला होड्या कलंडून पडल्या होत्या. काकांच्या ओळखीच्या त्या बाईंच्या, म्हणजे शेवंताबाईंच्या घरात शिरताच समोर आपलं कपाट बघून सनीला कसंसंच झालं. त्याने त्यावर चिकटवलेलं विमानाचं चित्र अजून तसंच होतं. आता त्या दारावर दुसऱ्याच कुणाची ओढणी लटकत होती.

आणि त्याच्याजवळ, जमिनीवर, ती पसरलेली होती. गोधडी!

शेवंताबाई तिच्यावर वाकून बसल्या होत्या. त्यांच्या हातात सुई होती.

"थांबा!" उत्कर्षा किंचाळली.

शेवंताबाई दचकल्या. "कोन गो तू? काय झाला?"

रंजिता पुढे झाली. ती मूळची इथलीच, आगरी घरातली; तिची भाषा शेवंताबाईंच्या भाषेच्या जवळची होती. तिने भराभर सगळं सांगितलं. कपाट, काका, आबा, अर्धी राहिलेली शिवण. शेवंताबाईंनी हळूच सुई बाजूला ठेवली.

"मना काय माहीत गो बाय," त्या म्हणाल्या. "मना वाटला, कपाटासंगती दिली. एवरी बारीक शिवन कुनीतरी केली न अर्धी टाकली. माजा जीव नाय राहिला. काल सांजचेपासून बसलू हाय."

उत्कर्षा खाली बसली. आजीचे टाके तांदळाच्या दाण्यांसारखे होते, बारीक आणि दाट. ते एका खिशापाशी येऊन संपत होते. त्याच्यापुढे दोन वीत दुसरे टाके होते. मोठे, ओढून घातलेले, जाळं शिवणाऱ्या हाताचे. त्याच्यापुढचा भाग अजून तसाच कच्चा होता.

"आबांना कळेल," ती म्हणाली. "हात लावल्याबरोबर कळेल त्यांना."

"उसवून देऊ?" शेवंताबाईंनी विचारलं. "वेल नाय लागनार. होती तशी करून देतू."

उसवलं की आबांना पत्ताही लागणार नव्हता! उत्कर्षाने एक टाका नखाने उचलला. धागा हातात आला असता, इतकंच ओढायचं राहिलं होतं. पण मग भोकं राहतील. आणि आबा रोज दुपारी जिथे हात ठेवतात, तिथे उत्कर्षाला मात्र कायम ती भोकं दिसतील.

तिने टाका सोडून दिला.

"नको मावशी. आहे तशीच नेते. आबांना खरं सांगते."

"पुरी करायची झाली तर आना," शेवंताबाई घडी घालताना म्हणाल्या. "नको असली तरी आबांना घेऊन या. बघू तरी दे, कुनाची व्हती ती."

ऊन उतरताना टेम्पो घणसोलीला पोचला. आबा कट्ट्यावर बसले होते. शेजारी त्यांची पिशवी भरलेली होती. सनी धावत गेला आणि त्या पिशवीला घट्ट धरून बसला. उत्कर्षाने घडी आबांच्या मांडीवर ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

आबांनी घडी उलगडली. त्यांचा हात बारीक टाक्यांवरून सावकाश पुढे सरकला आणि खिशापाशी थांबला.

"हितं थांबली व्हती ती," ते म्हणाले. "चहा टाकते म्हणाली न् उठली."

दारात आई उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलंही नाही.

मग आबांचा हात पुढे गेला. मोठ्या टाक्यांवर. तिथे तो किती वेळ राहिला! उत्कर्षाने डोळे मिटून घेतले.

"टाकं मोठं हाईत," आबा अखेर म्हणाले. "पर सरळ हाईत. रंगूला वाकडा टाका खपायचा न्हाई."

"मामंजी, माझं चुकलं," आई म्हणाली. "गाठोडं सोडून तरी बघायला हवं होतं मी. या पोरांनी जे केलं ते आम्हा मोठ्यांना जमलं नाही. मला तर वाटलं, पसारा गेला की घर मोकळं होतं."

"हुतं की मोकळं," आबा म्हणाले. "तुझं कायबी चुकलं न्हाई. दोन वर्सं मी तिला गाठोड्यात कोंडून ठिवली. अगं, गोधडी पांघरायची असती." त्यांनी तिन्ही मुलांच्या डोक्यांवरून पाळीपाळीने खरखरीत हात फिरवला. "लई गुणाची पोरं हाईत ही. आन् मानसिंग, तू न्हाईस."

"मी नाहीच!" मानसिंगकाका पाठ खाजवत म्हणाले, आणि सगळ्यांना हसू फुटलं.

"म्हणजे आबा, तुम्ही गावाला जात नाही ना?" सनीने विचारलं.

"गावाला कशाला? खिडकीजवळची जागा ठेवलीय म्हनं."

आबांनी गोधडीची पुन्हा घडी घातली. कोपऱ्याला कोपरा जुळवून, अगदी हळू. मग ती छातीशी न धरता त्यांनी रंजिताच्या हातात दिली. देताना त्यांची बोटं क्षणभर कापडातून सुटेनात.

"त्या कोळणीकडं पोचती कर, पोरी. म्हणावं, कर पुरी."

"उद्याच नेते, आबा! तिला सांगते, लवकर कर म्हणून."

आबांनी मान हलवली. आळीच्या टोकाकडे, जिथे काहीच नव्हतं तिथे, ते बघत होते.

"नगं. सावकाश कर म्हणावं," ते म्हणाले. "थंडीला अजून लई अवकाश हाय."